जनगणनेत घरच्या बाईला स्वतः बोलू द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात मध्यंतरी सीमाभागातल्या स्थलांतरावर लेख आला होता. गावं ओस पडायला लागलीत, पोरं पुण्याला गोव्याला गेली, घरात म्हातारी माणसं आणि बायकाच उरल्या असं त्यात होतं. लेख कळकळीने लिहिलेला होता, चुकीचा नव्हता. पण त्या उरलेल्या बायका दिवसभर काय करतात, त्यातल्या किती जणी स्वतःच कामासाठी रोज बाहेर जातात, किती जणी कायमच्या गेल्या, यावर एक ओळ नव्हती. म्हणून लिहायला बसले. पत्र लांबलंय, जागा असेल तेवढं छापा.

मी खानापूर तालुक्यातली. समाजशास्त्रात एमए केलं, नोकरी काही लागली नाही, तेव्हापासून घरोघर फिरून सर्वेचे फॉर्म भरायचं काम करते, आधी कागदावर भरायचो आता टॅबवर. कधी आरोग्याचा सर्वे असतो, कधी शेतीचा, कधी कुठल्या कॉलेजच्या सरांचा रिसर्च असतो. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी, चिक्कोडी असं सगळीकडे फिरणं होतं. त्यामुळे पुस्तकात टेबलं छापून येतात ना, अमुक टक्के महिला कामगार, तमुक टक्के स्थलांतरित, ते आकडे कुणाच्या सोप्यात बसून कसे तयार होतात ते मला रोज बघायला मिळतं.

होतं असं की आम्ही जातो सकाळी दहा-अकराला. सोप्यात कॉटवर सासरा नाहीतर थोरला दीर बसलेला असतो. सून पाण्याचा तांब्या आणून ठेवते आणि आत जाते. मग प्रश्न सुरू, घरात माणसं किती, कोण काय करतं, आणि बाईच्या रकान्यापाशी आलं की उत्तर ठरलेलं, "ती घरातच असती, काय काम न्हाई तिला." घाईत असलेला माणूस तेवढं टिक करून पुढे जातो. त्याचीही चूक म्हणता येत नाही, त्याला दिवसात ठरलेली घरं संपवायची असतात आणि पैसे घरामागे मिळतात.

लोंढ्याकडच्या एका गावातलं सांगते. नवरा गोव्यात बांधकामावर, महिन्यातून एकदा येतो. सासऱ्याने हेच सांगितलं, सून घरातच असते. मी फॉर्म तसाच ठेवला आणि मागच्या परड्यात गेले, तिथे ती शेणाची बुट्टी उचलत होती. विचारलं तर हसून म्हणाली, "मी काय काम करतो वैनी, घरातच असतो की." मग मी कामाबद्दल विचारायचंच सोडलं आणि काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं ते क्रमाने सांग म्हटलं. पहाटे उठून शेण काढलं, दोन म्हशींना वैरण घातली, धार काढली, दूध डेअरीला नेऊन घातलं, पाणी भरलं, भाकऱ्या थापल्या, पोराला शाळेला लावून दिलं, मग भात कापणीला दुसऱ्याच्या शेतात रोजगाराला, दुपारी परत येऊन म्हशींना पाणी, परत कापणी, येताना डोक्यावर जळणाची मोळी, संध्याकाळी परत धार परत डेअरी, सासऱ्याच्या बीपीच्या गोळ्या, स्वयंपाक, रात्री नवऱ्याचा फोन, त्यात सोसायटीच्या कर्जाचा हप्ता कधी भरायचा ते बोलणं. सांगता सांगता मध्येच थांबली आणि म्हणाली, "हे सगळं लिहायचं असतंय व्हय?"

संपादक साहेब, लिहायचं असतं. आणि हे माझ्या मनाचं नाही, जनगणनेच्याच सूचनांमध्ये आहे. २००१ आणि २०११ च्या जनगणनेत काम कशाला म्हणायचं त्याची व्याख्या दिलेली होती, घरच्या शेतात किंवा घरच्या धंद्यात पगाराशिवाय केलेलं काम हे काम धरायचं, आणि शेती किंवा दुधाचं उत्पादन फक्त घरी खाण्यापिण्यापुरतं असलं तरी ते करणारा माणूस कामगार धरायचा. म्हणजे डेअरीला एक थेंब घालत नसली तरी म्हैस सांभाळणारी बाई सरकारच्या व्याख्येत कामगार आहे. नुसता स्वयंपाक, धुणीभांडी, पाणी भरणं, पोरं सांभाळणं हे मात्र त्यात धरत नाहीत. तो वेगळा वाद आहे आणि तो पण घालायला पाहिजे, पण आधी व्याख्येत जे आहे तेवढं तरी नीट मोजलं जाऊ दे. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम असेल तर मुख्य कामगार, कमी असेल तर सीमांत कामगार. म्हैस तर बारा महिने असते हो. मग आमच्या गावातल्या निम्म्याच्या वर बायका मुख्य कामगारात यायला पाहिजेत, आणि त्यांच्या घरी फॉर्मवर काय पडतं ते वर सांगितलंच.

हा प्रश्न नवीन पण नाही. अर्थतज्ज्ञ देवकी जैन यांच्या संस्थेने १९७० च्या दशकात राजस्थान आणि बंगालच्या काही खेड्यांत अशीच वेळेची नोंद केली होती, कोण किती वेळ काय करतं ते घरी बसून बघायचं, आणि सरकारी मोजणीतून सुटलेली कितीतरी कामं बायका करताना सापडल्या होत्या. १९८८ साली 'सेवा' संघटनेच्या इला भट यांच्या आयोगाने श्रमशक्ती अहवाल दिला त्यातही असंघटित बायकांचं काम डोळ्याआड राहतं हेच सांगितलंय. मग २०१९ मध्ये केंद्र सरकारने देशभर टाइम यूज म्हणजे वेळेच्या वापराचा सर्वे केला, त्यात आलं की स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बाईची त्यात रोजची २९९ मिनिटं जातात आणि जो पुरुष घरकाम करतो त्याची ९७. बरं असे पुरुष तरी किती, शंभरात २६, आणि बायका शंभरात ८१. परत २०२४ मध्ये तोच सर्वे झाला तर २८९ आणि ८८ मिनिटं. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं कमी झाली म्हणून बरं वाटेपर्यंत पुरुषांची पण नऊ मिनिटं कमी झालेली.

आता स्थलांतराकडे येते, कारण लेख त्यावरच होता. २०२०-२१ च्या केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेत देशातल्या बायकांपैकी ४७.९ टक्के स्थलांतरित निघाल्या आणि पुरुष फक्त १०.७ टक्के. म्हणजे आपल्या देशात गाव सोडणारं माणूस बहुतेक वेळा बाईच असते, आणि लेख मात्र आपण पोरांवर लिहितो. कारण त्या बायकांपैकी ८६.८ टक्क्यांच्या पुढे कारण लिहिलंय लग्न. एकदा लग्न लिहिलं की विषय बंद होतो, ती आली, संसार करते, पुढे काय विचारायचं. जनगणनेतही यादीतून एकच कारण निवडायचं असतं, काम, धंदा, शिक्षण, लग्न, जन्मानंतर हलवलं, कुटुंबासोबत आले, इतर.

पण लग्नाच्या आत काय काय असतं ते बघा. आमच्याकडे चंदगड, गडहिंग्लज, आजरा, कागलच्या मुली बेळगाव खानापूर निपाणीला दिलेल्या असतात आणि इथल्या मुली तिकडे. राज्याची हद्द १९५६ साली आखली, सोयरिकी त्याच्या किती आधीपासूनच्या. इरावती कर्वेंनी नात्यागोत्यांचा अभ्यास केला त्यात महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला प्रदेश म्हणून सांगितला, मामाची मुलगी करायची रीत आपल्याकडे चालते ती दक्षिणेकडची. म्हणजे कित्येक घरांत सासूचं माहेर आणि सुनेचं माहेर एकच, आणि ते पलीकडच्या राज्यात. अशी चंदगड तालुक्यातली एक मुलगी लग्न होऊन बेळगाव तालुक्यात आली, आता रोज सकाळी बाचीवरून शिनोळीच्या एमआयडीसीत कामाला जाते. राहते कर्नाटकात, काम करते महाराष्ट्रात, आणि फॉर्मवर तिच्या येण्याचं कारण लग्न. तिला मी विचारलं हे स्थळ का पसंत केलंस, तर तिचं उत्तर होतं की इथून कंपनी जवळ पडते आणि सासरचे कामाला पाठवायला तयार होते. मग तिचं स्थलांतर लग्नासाठी झालं की कामासाठी? दोन्हीसाठी, पण लिहायला जागा एकालाच. आणि तिचा पगार, तिचा पीएफ, तिची शिफ्ट हे सगळं कोल्हापूर जिल्ह्याच्या हिशोबात, तिचं रेशन, तिचं मतदान, पोराची शाळा बेळगाव जिल्ह्यात. दोन्हीकडचे अहवाल वाचले तरी ती पूर्ण बाई कुठेच सापडत नाही.

मुलगी मिळत नाही म्हणून जी बोंब चालू आहे तिचं पण असंच. गावात तिशी ओलांडलेली पोरं बसलीत, दोष द्यायचा तर मुलींना, त्यांना नोकरीवाला पाहिजे, शेती करणारा नको. अरे पण मुली आहेत किती ते तरी बघा. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या. तीच पिढी आज लग्नाला आलीय. त्या वेळी सोनोग्राफीच्या जोरावर ज्या होऊ दिल्या नाहीत त्या आता कुठून येणार. आणि ज्या आहेत त्यांनी आपल्या आईचा दिवस बघितलाय, शेण वैरण धार भाकरी कापणी आणि वर "घरातच असती", तर त्यांना ते आयुष्य नको वाटणारच. ह्याला माज म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, स्पष्ट सांगते.

जुन्या पिढीचं बघितलं तरी तेच. आमच्या भागातले किती पुरुष मुंबईच्या गिरण्यांत होते, एका खोलीत पंधरा-वीस जण राहायचे. त्यांना जेवण घालायच्या खानावळी बायकाच चालवायच्या, प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते ह्याच खानावळवाल्यांसाठी, कारण बँक त्यांना धंदा करणारी समजतच नव्हती. आणि गावाकडे उरलेली बाई भाताची लावण, सासू-सासरे, कोर्टकचेरी, पोरांची लग्नं सगळं बघायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर, मनिऑर्डरी बंद. त्या संपावर खूप लिहिलं गेलंय. पण मनिऑर्डर बंद झाल्यावर खानापूर चंदगडच्या घरात चूल कशी पेटत राहिली, कुणी दागिना मोडला, कुणी रोजगाराला जायला सुरुवात केली, ते विचारायला फारसं कुणी आलं नाही, आणि सांगणाऱ्या आज्ज्या एकेक करून जायला लागल्यात. माझी कॉलेजमधल्या मुलामुलींना विनंती आहे, प्रोजेक्टला विषय मिळत नाही म्हणून नेटवरून उतरवून काढण्यापेक्षा घरच्या आज्जीपुढे मोबाईलचा रेकॉर्डर चालू करून बसा.

निपाणीचं मात्र थोडं वेगळं आहे आणि तिथून शिकण्यासारखं आहे. तिथे तंबाखूच्या वखारीत आणि विड्या वळायला पिढ्यान् पिढ्या बायका. १९८० च्या आसपास ह्या बायका संघटित झाल्या, भांडल्या. विडी कामगारांसाठी १९६६ चा कायदा झाला, घरी बसून विडी वळणारी बाई पण त्यात कामगार धरली गेली, तिला कार्ड मिळतं, पीएफ असतो. म्हणून निपाणीत जाऊन विचारलं तर बाई सरळ सांगते, मी विडी कामगार. तिच्याही घरात म्हैस असते, तिच्याही चुलीवर भाकरी असतात, हजार विड्यांमागे मिळणारी मजुरी कमीच असते, छातीचे पाठीचे आजार आहेतच, पण विचारल्यावर ती "घरातच असतो" म्हणत नाही. कार्डाने मजुरी वाढली नाही म्हणून ते कमी समजू नका, सोप्यातल्या माणसाला तिच्या वतीने "काय काम न्हाई" म्हणायची सोय त्या कार्डाने बंद केली.

ह्याच्या उलट बेळगावात वडगाव खासबागला मागाची घरं आहेत तिथे बघा. पुढच्या खोलीत पॉवरलूमवर नवरा, मागच्या खोलीत बायको मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरत बसलेली, कांडी संपली की माग थांबतो, म्हणजे तिच्या हाताशिवाय एक वार कापड निघत नाही. साडीचे पैसे येतात ते नवऱ्याच्या नावाने. मी विचारत होते तेव्हा पण तिचा हात कांडीवरच होता आणि तोंडाने म्हणत होती, "काम ते करत्यात, मी जरा हातभार लावतो."

आणि काही माणसं तर आम्हा सर्वेवाल्यांना दिसतच नाहीत, ऊसतोडीवाले. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून, विजयपूरकडून टोळ्या येतात, चिक्कोडी, अथणी, रायबाग, हुक्केरीच्या फडात उतरतात. नवरा बायको मिळून एक कोयता. उचल मुकादम देतो ती बहुतेक नवऱ्याच्या हातात. बाई पहाटे थंडीत मोळ्या बांधते, डोक्यावरून ट्रॉलीत चढवते, खोपीत येऊन स्वयंपाक करते. पाळीच्या दिवसात पण सुट्टी नाही, खाडा झाला तर दंड. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं सरकारी सर्वेक्षण झालं तेव्हा गर्भाशय काढून टाकलेल्या १३ हजारांहून जास्त निघाल्या. विधिमंडळात बोललं गेलं, समिती नेमली गेली म्हणून ते तरी निदान मोजलं गेलं. इकडे आमच्या फडात त्या पाच-सहा महिने राहतात पण आमच्याकडे घरांची यादी गावठाणातली असते, खोप त्या यादीत नसते. त्यांच्या गावात त्या परगावी गेलेल्या, इकडे आमच्या गावच्या नव्हेत.

घर, कुटुंब ह्याचा पण घोळ आहे, थोडक्यात सांगते. मोजणीत घर म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. आय. पी. देसाई, ए. एम. शहा ह्या समाजशास्त्रज्ञांनी कधीच सांगून ठेवलंय की एका छपराखाली कोण राहतं आणि कुटुंब कुणाचं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, चूल वेगळी झाली म्हणून एकत्र कुटुंब मोडलं असं होत नाही. आमच्या भागात तर चुली दोन आणि पैसा एकच. गोव्यातला नवरा सहा जणांच्या खोलीत शिजवून खातो, त्याची मोजणी गोव्यात, बायको पोरांची इथे. म्हणून कागदावर कुटुंब लहान होत चाललेलं दिसतं आणि मग भाषणं होतात, एकत्र कुटुंबपद्धती मोडली, संस्कार गेले. प्रत्यक्षात ती सून सासू-सासऱ्यांना धरून तिथेच आहे. खोलीत राहणाऱ्या त्या पुरुषांचे पण हाल आहेत बरं का, आजारी पडला तर पाणी द्यायला कुणी नसतं, पोरं बापाला फोनवर ओळखतात. पुरुषांच्या विरोधात मी काही लिहीत नाहीये.

गृहलक्ष्मी योजनेचंच घ्या. ऑगस्ट २०२३ पासून कर्नाटकात घरच्या कर्त्या बाईच्या खात्यावर महिन्याला २००० रुपये येतात. कर्ती बाई म्हणजे रेशन कार्डावर पहिलं नाव असलेली, आणि २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने ते नाव घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईचं. म्हणजे सासूचं. सासूला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा पैसा मिळाला, औषधाला मुलापुढे हात पसरायला लागत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि मला ते फार मोठं वाटतं. पण त्याच घरात राबणाऱ्या सुनेला वेगळं रेशन कार्ड पाहिजे म्हणून भांडण, ते पण बघितलंय. शक्ती योजनेने ११ जून २०२३ पासून बायकांना सरकारी बस फुकट झाली, तेव्हापासून सकाळच्या बसमध्ये उभं राहायला जागा नसते. लोक म्हणतात बायका देवदर्शनाला फिरत सुटल्या. जावं की देवदर्शनाला, का जाऊ नये? पण सकाळी आठच्या खानापूर-बेळगाव बसमध्ये चढून बघा, डबा घेतलेल्या बायका आहेत, कोण उद्यमबागच्या कारखान्यात, कोण दुकानात, कोण हॉस्पिटलात साफसफाईला, कोण टिळकवाडीत चार घरची कामं करायला. आणि त्या प्रत्येकीला कंडक्टर शून्याचं तिकीट देतो, कुठून कुठे त्याची नोंद होते. जुलै २०२५ पर्यंत राज्यभर अशा एकूण ५०० कोटी फेऱ्या झाल्या म्हणून सरकारने कार्यक्रम केला. त्या तिकिटांच्या मशीनमध्ये आमच्या गावातल्या बाईचं रोजचं कामाला जाणं दिवस आणि वेळेसकट साठलेलं आहे, एखाद्या विद्यापीठाने परिवहन मंडळाकडे मागून नुसती सकाळच्या दोन तासांची एका तालुक्याची तिकिटं अभ्यासली तरी सोप्यात बसून भरलेल्या फॉर्मपेक्षा जास्त खरं कळेल. कुणीतरी हे करावं असं मला मनापासून वाटतं.

केरळने केलंय की. तिथे तिरुअनंतपुरमच्या संशोधन संस्थांनी १९९८ पासून दर पाचेक वर्षांनी स्थलांतराचा मोठा सर्वे चालवलाय, कोण गेलं, किती पैसा आला, मागे राहिलेल्या बायकांचं काय झालं, परत आलेल्यांचं काय झालं. त्यावरून सरकार योजना ठरवतं. आपल्याकडे इकडे राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, तिकडे कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आहे, दोन्हीकडे समाजशास्त्र शिकवलं जातं, मध्ये शंभर-सव्वाशे किलोमीटरचा हायवे. दोघांनी मिळून खानापूर, बेळगाव, निपाणी, चंदगड, कागल एवढे तालुके धरून एक अभ्यास केला तर? सीमेचा निकाल कोर्टात लागेल तेव्हा लागेल, त्यासाठी ह्या बायकांचा हिशोब अडवून ठेवायची गरज नाही.

आता जे तातडीचं आहे ते. जनगणना येतेय. १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख आहे, माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये, जातीची नोंद पण होणार आहे, आणि ह्या वेळी मोबाईलवरून घरबसल्या आपली माहिती आपण भरायची सोय आहे. मला काळजी ह्याचीच वाटते. घरात मोबाईल चालवणार कोण, पोरगा. तो पाच मिनिटांत सगळ्यांची माहिती भरून टाकणार आणि आईच्या पुढे घरकाम लिहून मोकळा होणार, आईला विचारणार पण नाही. आत्तापर्यंत निदान कुणीतरी उंबऱ्यावर येऊन एकेक प्रश्न विचारायचं, परड्यात जाऊन विचारायची संधी असायची.

सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटकात सामाजिक-शैक्षणिक सर्वे झाला तेव्हा आठवतंय ना, गावागावात बैठका झाल्या, देवळात सांगितलं, व्हॉट्सॲपवर मेसेज फिरले, धर्म काय सांगायचा, जात पोटजात काय, मातृभाषा मराठी सांगायला विसरू नका. छान झालं, व्हायलाच पाहिजे होतं. मातृभाषेच्या रकान्यासाठी आपण जेवढे जागे झालो तेवढं आईच्या कामाच्या रकान्यासाठी का होऊ नये? त्याच बैठकीत, त्याच मेसेजमध्ये दोन ओळी वाढवायच्या आहेत, घरच्या बाईच्या कामाचा प्रश्न आला की तिलाच बोलवा, आणि म्हैस, शेत, कांड्या, विड्या, शिलाई, पापड-लोणची, भाजी विकणं यातलं ती जे करते ते सांगा. कडोली उचगावकडची बाई पहाटे टोपली घेऊन बाजारात बसते ती भाजी विक्रेती आहे, घरी बसलेली नाही.

ह्याने काय होणार असं मला गावात नेहमी विचारतात. गावात काम करणाऱ्या बायका किती हे कागदावर आलं तर पंचायतीकडे लहान पोरांसाठी कूसिन मने म्हणजे पाळणाघर मागता येतं, अंगणवाडीची वेळ वाढवून मागता येते, कंपनीच्या शिफ्टला जुळणारी बस मागता येते, पीक नुकसानीच्या भरपाईला नवरा गोव्याहून यायची वाट बघत न बसता जी शेत करते तिच्या सहीवर काम व्हावं असं भांडता येतं. कागदावर ती बेकार असेल तर साहेब पहिला प्रश्न हाच करतो, कुणासाठी पाहिजे हे सगळं?

जे शिक्षक मोजणीला जाणार आहेत त्यांच्याकडे माझी एक मागणी आहे. त्यांच्यावर शाळेचा बोजा असतो, उन्हातान्हात फिरायचं असतं, मला त्यातलं सगळं माहीत आहे. पण जमलं तर "तुम्ही काम करता का" असं विचारू नका, नाही असंच उत्तर येतं. काल सकाळपासून काय केलं ते विचारा, दोन-तीन मिनिटं जास्त लागतात. आणि आमच्याकडच्या बाईला कन्नडमधून विचारलं तर ती लाजून सासऱ्याकडे बघते, मराठीतून विचारलं की बोलते, तशी नेमणूक करताना बघावं. कन्नड घरात मराठी माणूस पाठवला तरी तीच अडचण, म्हणून हे दोन्हीकडून म्हणतेय. स्त्रीशक्ती संघाच्या, म्हणजे बचत गटाच्या, बायका आठवड्याला जमतातच, त्यांनी एका बैठकीत एकमेकींना हे प्रश्न विचारून बघावेत, मी आमच्या गावच्या संघात करणार आहे, कुठल्या दुसऱ्या संघाने बोलावलं तर तिथे पण येईन.

तुमच्याकडे एवढंच मागते की जनगणनेचे प्रश्न कामाच्या आणि स्थलांतराच्या व्याख्येसकट सोप्या मराठीत पेपरात छापा, मोजणीच्या आधी दोन-तीन वेळा, आणि आतल्या पानावर नको, बायका पेपर उघडतात तेव्हा राशिभविष्य ज्या पानावर असतं त्या पानावर. माझा नंबर पत्राच्या मागे तुमच्यासाठी लिहिलाय, तो छापू नका.

कळावे,
आपली नेहमीची वाचक,
खानापूर तालुका, जि. बेळगाव